तंबोरा घेऊन मिरजेस

बेळगावच्या स्थानकावर, मार्गशीर्षातील थंडीत, गोधडीत गुंडाळलेला साडेचार फुटांचा एक जिन्नस उराशी धरून आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. पाऊण तासात तिघांनी आमची विचारपूस केली. पहिल्याने विचारले, "देवाची मूर्ती काय?" दुसरा बहुधा पहिल्याचे बोलणे ऐकत असावा, कारण त्याने काही न विचारताच वहाणा काढून गोधडीस नमस्कार केला. तिसरा एक म्हातारा हमाल. त्याने नुसते पाहिले आणि म्हणाला, "मिरजेला चाललाय न्हवं? भोपळ्यावर भार देऊ नका. आडवा मांडीवर घ्या, लेकरागत." लेकरागत घ्यावयाचा तो आमच्या आत्याचा तंबोरा होता, आणि तो जिवंत आहे की नाही हे विचारण्यासाठीच आम्ही त्यास घेऊन निघालो होतो.

आत्याचे वय आज ८६ आहे. ती तेरा वर्षांची असताना, म्हणजे १९५२ साली, आमच्या आजोबांनी मिरजेस जाऊन हा जनानी तंबोरा तिच्यासाठी आणला. सात वर्षे ती त्यावर गायली. पुढे लग्न होऊन हुबळीस गेली आणि तंबोरा आमच्या शहापुरातील वाड्याच्या माळ्यावर गेला. "सासरी खोल्या दोन आणि माणसे अकरा, तंबोरा उभा कुठे करणार होते?" असे ती आजही सांगते. त्यात तक्रारीचा सूर नसतो. खोल्यांचा हिशेब सांगावा तसा तो हिशेब असतो.

आता तो वाडाच जाणार आहे. जुने शहापूर एके काळी सांगली संस्थानाच्या अमलाखाली होते, हे आमच्या बेळगावकर वाचकांस ठाऊक आहेच. त्या काळचे हे दुपाखी घर. आम्हा तिघा चुलतभावांत वाटण्या झाल्या. तांब्याचे हंडे, घंगाळे, पाटा-वरवंटा, एवढेच काय पण देवघराच्या चौकटीसही धनी मिळाला. तंबोऱ्यास मिळाला नाही. अशा वेळी हॉटेले सजविण्याचा धंदा करणारे एक गृहस्थ वाड्यातील खांब पाहण्यास आले, त्यांची नजर माळ्यावर गेली. भिंतीवर आडवा टांगून भोपळ्यात दिवा बसविण्याचा त्यांचा विचार होता. त्यांनी देऊ केलेली रक्कम हलकी नव्हती. महिनाअखेर कळवा, म्हणाले.

आमची कन्या गाणे शिकते, तेही मोबाइलमधून निघणाऱ्या तंबोऱ्यावर. तेव्हा आमचा जीव कोठे गुंतला होता हे भावांनी ओळखले होते. धाकटा स्पष्टच बोलला, "दादा, परीक्षा करणारा तूच आणि बक्षीस मिळणारही तुझ्याच घरी, हे काही बरे नाही." बोलणे खोटे नव्हते. अखेर आत्याने निवाडा दिला. वाजणारा असेल तर मुलीने न्यावा आणि भावांना त्यांचा वाटा रोख द्यावा; वाजणारा नसेल तर दिव्यासाठी द्यावा. "पण वाजणारा आहे की नाही हे तू सांगायचे नाहीस. मिरजेने सांगायचे." कारागिराचे म्हणणे त्याच्याच तोंडून, दूरध्वनीवरून सर्वांनी ऐकावे, असेही ठरले.

बेळगाव ते मिरज हा सुमारे १४० किलोमीटरांचा लोहमार्ग आम्ही लहानपणी मीटर मापाच्या गाडीने केलेला आहे. त्या काळी मिरज स्थानकाचा मोठा डौल असे, कारण रुंद, मध्यम आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ तेथे एकत्र येत. आता सगळीकडे एकच रुंद माप झाले. प्रवास सुखाचा झाला हे खरे, पण पंढरपूरकडे जाणारी ती बुटकी गाडी पाहण्यासाठी पुलावर धावत जाण्याची गंमत गेली. घटप्रभा मागे पडली की तांबडी माती हळूहळू काळी होऊ लागते. रायबाग, मायाक्काची चिंचली, मग कुडची. आणि कुडचीनंतर कृष्णेचा पूल. पुलावर गाडी खडखडू लागताच आम्ही नकळत तंबोरा घट्ट धरला, तेव्हा गोधडीच्या आतून काहीतरी बारीक खुळखुळले. समोरच्या बाकावरील बाई म्हणाल्या, "आत काय सुटलंय जणू." उगारच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास येऊन गेला, शेडबाळ गेले, तरी तो खुळखुळाट आमच्या कानातून गेला नाही.

मिरज हे गाव बाहेरच्या माणसास रुग्णालयांचे गाव म्हणून ठाऊक असते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय काढले, तेव्हापासून दोन राज्यांतील रोगी येथे उतरतात. आमच्या डब्यातील निम्मी मंडळी हातात क्ष-किरण चित्रांची पाकिटे घेऊन उतरली. त्यांच्या मागोमाग आम्हीही आमचा रोगी घेऊन उतरलो. रिक्षावाल्याने पत्ता विचारला नाही; गोधडीच्या आकारावरूनच त्याने सतारमेकरांच्या गल्लीत आणून सोडले.

या गल्लीचा इतिहास असा सांगतात, की येथील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व पाणी देणारे. इंग्रजी अंमल बसला, हत्यारांचे काम संपले आणि कसबी हात रिकामे झाले. मिरजेचे अधिपती पटवर्धन संगीताचे भोक्ते. त्यांच्या पदरच्या गवयांची वाद्ये बिघडली म्हणजे ती दुरुस्तीसाठी दूर उत्तरेस धाडावी लागत. ते काम गावातच व्हावे म्हणून फरीदसाहेब या शिकलगाराकडे आले. त्यांनी वाद्ये उघडून पाहिली, दुरुस्त केली आणि मग नवीही घडविली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट. सतारमेकर हे आडनावही त्यातूनच आले. मिरजेच्या वाद्यकलेचा उगम घडविण्यात नसून दुरुस्तीत आहे, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी विशेष दिलासा देणारी वाटली. येथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि त्याची प्रत चौकटीत घालून दुकानादुकानांत टांगलेली दिसते.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते वयाने सत्तरीच्या घरातील. दुकान म्हणजे रस्त्यास लागून दहा बाय बारा फुटांची खोली. छतास भोपळे टांगलेले, भिंतीशी दांड्या टेकलेल्या, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि या सर्वांत एका पोत्यावर मांडी घालून बसलेले चाचा. आम्ही गोधडी सोडू लागलो तसे त्यांनी हाताने थांबविले. "थांबा मास्तर. आधी तशीच हलवा." आम्ही मास्तर आहोत हे त्यांनी कशावरून ओळखले देव जाणे. आम्ही हलविले, खुळखुळ झाली. "उंदीर," ते म्हणाले. गोधडी सोडून पाहिली, तर खरोखरच भोपळ्याच्या मागील बाजूस रुपयाएवढे भोक होते, आणि त्यातून कुरतडलेल्या कागदांची घरटी व वाळलेल्या लेंड्या बाहेर आल्या. आठ महिने वाड्यात वाटण्या करीत असता आम्हांपैकी एकानेही तंबोरा उलटा करून पाहिला नव्हता.

पुढील अर्धा तास आम्ही एक परीक्षा पाहिली. जन्मभर परीक्षा घेतल्या, परंतु अशी घेतली नाही. प्रथम त्यांनी दांडीचे टोक डोळ्याशी धरून, सुतार फळी पाहतो तसे, एक डोळा मिटून दूरवर पाहिले. दांडी वाकली असेल तर चालते, पीळ बसला असेल तर चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. पीळ नव्हता. मग भोपळ्यावर बोटाच्या टिचक्या मारीत ते सर्वत्र फिरले. चांगल्या जागी टिचकी खणखणते. भेगेजवळ आली की तिचा आवाज बसतो. आम्हांस जेथे डोळ्यांनी काहीच दिसत नव्हते तेथे त्यांनी खडूची रेघ ओढली, आणि तिरप्या उजेडात धरताच तेथे वीतभर लांब केसासारखी भेग निघाली. भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली जी पातळ लाकडी फळी, तीस तबली म्हणतात. ती किंचित फुगीर असावयास हवी. घोडी जेथे बसते तेथे अंगठा दाबून ते म्हणाले, "खचली. फार नाही." खुंट्या चारांपैकी तीन बऱ्या होत्या. लाकूड तुनाचे, जुने, हलके. त्यात दोन ठिकाणी किडीची छिद्रे होती. चाचांनी एका छिद्रात सुई घातली आणि भुसा ताजा की जुना हे जिभेच्या टोकावर घेऊन पाहिले. आम्ही चेहरा वळविला. "जुनाच," ते म्हणाले, "कीड कधीच मेली."

येथवर सर्व ठीक चालले होते. मग त्यांचा हात गळ्यापाशी आला. दांडी आणि भोपळा यांना जोडणारा जो लाकडी गळा, त्यास हे लोक गुलू म्हणतात. तेथे हात फिरताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. चाळीस-एक वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी तंबोरा एका फर्निचरवाल्याकडून "जोडून" घेतला होता, हे आम्हांस अंधुक आठवत होते. त्या सद्गृहस्थाने सांध्यात पांढरा रासायनिक गोंद ओतून वर दोन इस्क्रू पिळले होते आणि त्यावर रंग फासला होता. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक सांधा आम्हांस दाखविला, तो मूळ कारागिराचा, सरसाने जोडलेला. ऊन पाण्यात पिळलेले फडके त्यावर काही वेळ ठेवले की सरस मऊ होतो आणि सांधा चाकूच्या पात्याने सुटतो, लाकडास ओरखडा न पडता. पांढरा गोंद तसा सुटत नाही. तो सुटतो तेव्हा लाकूड घेऊन सुटतो. "आम्ही जोडतो ते पुढच्याला उघडता यावं म्हणून," ते म्हणाले. "ह्यानं कायमचं जोडलं." कायमचे हा शब्द एवढ्या रागाने उच्चारलेला आम्ही पूर्वी ऐकला नव्हता.

ठरल्याप्रमाणे बेळगावास दूरध्वनी लावला. पलीकडे आत्या आणि दोन्ही भाऊ. चाचांनी सांगितले ते थोडक्यात असे : दांडी आणि तबली चांगली, आजकाल असे लाकूड मिळत नाही. गळा उघडावा लागेल. उघडताना फुटला तर नवा करावा लागेल. भोपळा आतून किती कुरतडला आहे हे तबली काढल्याशिवाय सांगता येणार नाही. बहुतेक बदलावा लागेल. खर्च नव्या तंबोऱ्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. आणि आवाज? "आवाज आज मी कबूल करत नाही."

धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "भोपळा बदलला, गळा बदलला, मग तो आत्याचा तंबोरा कुठला राहिला?" प्रश्न बिनतोड होता, आणि खरे सांगावयाचे तर तो आमच्याही मनात होता. आम्ही चाचांकडे पाहिले, चाचा छताकडे पाहत होते. तेवढ्यात यंत्रातून आत्याचा आवाज आला, "अरे, माझे दोन्ही गुडघे बदललेत. मी कोण मग?" पलीकडे शांतता पसरली. चाचांनी मात्र मान खाली घालून हसू दाबले आणि सरसाचे भांडे चुलीवर चढविले. हॉटेलवाल्या गृहस्थांस नकार कळविण्याचे काम धाकट्यावरच सोपविण्यात आले.

गाडीस अवकाश होता म्हणून आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे गेलो. मिरजेस येऊन तेथे न जाणे म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा न पाहणे होय. याच आवारात किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ चिरविश्रांती घेत आहेत. १८७२ साली उत्तरेत कैराना येथे जन्मलेला हा गवई मिरजेस स्थायिक झाला. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर त्याने देह ठेवला, आणि माती मिळाली ती येथे. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ येथे जे गाणे होते त्यात नामवंत मंडळी सेवा म्हणून गातात. खाँसाहेब गवई तर थोर होतेच, पण बिघडलेले वाद्य स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यातही ते निष्णात होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हेही याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी घडले. एवढ्याशा गावात एवढे गाणे का मुरले याचे एक कारण आम्हांस त्या गल्लीत सापडल्यासारखे वाटले : येथे तंबोरा बिघडला तर गाणे थांबत नसे. आवारात त्या वेळी कोणी गात नव्हते. चिंचेखाली एक कुटुंब शिदोरी सोडून बसले होते. त्यांच्यातील रोग्याच्या हातास सुईची पट्टी चिकटवलेली होती.

दोन महिन्यांनी चाचांचा निरोप आला, तबली काढली आहे, पाहावयाचे असेल तर या. सौ. म्हणाल्या, "लाकडाची फळी पाहायला कोणी रजा टाकते का?" आम्ही टाकली.

उघडलेला तंबोरा पाहणे हा काही वेगळाच अनुभव आहे. ज्या पोकळीतून एवढा नाद येतो ती आतून खडबडीत, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेली, काळी. तबलीच्या आतील अंगावर शिसपेनसिलीने काढलेल्या दोन रेघा आणि काही आकडे होते, ते कारागिराचे माप. सत्तर वर्षांत त्यावर उजेड पडला नव्हता. आम्ही उत्सुकतेने विचारले, अक्षर कोणाचे? चाचांनी ते बराच वेळ निरखले आणि मान हलविली. "गल्लीतलंच. कुणाचं ते नाही सांगणार. तेव्हा सगळे एकाच वळणाचं काढायचे." दुसरा एखादा असता तर हे माझ्या आजोबांचे अक्षर असे सांगून मोकळा झाला असता, आणि आम्हीही ते आनंदाने मानले असते.

गळा वाचला होता. इस्क्रूंनी पाडलेल्या छिद्रांत त्याच जातीच्या जुन्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. खचलेल्या तबलीस आतून पातळ पट्टीचा आधार दिला होता. परंतु भोपळा उंदरांनी आतून एवढा पातळ केला होता, की चाचांनी तो दिव्यासमोर धरला तेव्हा आरपार उजेड दिसला. तो बदलणे भागच होते.

हे भोपळे पंढरपूरच्या आसमंतात, भीमेच्या काठच्या शेतांत पिकतात. आपल्या भाजीचा भोपळा हा नव्हे. हा कडू, जाड सालीचा. वेलावरच तो पूर्ण वाळू देतात. मग हव्या त्या ठिकाणी कापून पाण्यात भिजत घालतात, आतील गर आणि बिया खरवडून काढतात आणि मऊ असतानाच तोंडाशी काटक्यांचा ताण देऊन आकार देतात, पुन्हा वाळवितात. आकाराने, घेराने, सालीच्या जाडीने वाद्यास साजेल असा भोपळा शेकड्यांत थोडाच निघतो. चाचांनी छताकडे पाहत पाच-सहा भोपळे उतरविले, एकेकावर टिचकी मारली आणि आमच्या हाती दिले. "तुम्ही सांगा." आम्हांस सगळे सारखेच वाटले. मग त्यांनी आमचा जुना, मोडका भोपळा पुढे केला. त्यावर टिचकी मारली आणि मग पुन्हा एकेकावर. चौथ्यावर आम्ही थांबलो. चाचा म्हणाले, "बरोबर," आणि तो बाजूस ठेवला. मास्तरकीच्या तीस वर्षांत मिळालेल्या कोणत्याही शेऱ्याहून हा शेरा आम्हांस मोठा वाटला, हे कबूल करतो.

झिलईविषयी मात्र आमचा आणि त्यांच्या मुलाचा वाद झाला. मुलाचे म्हणणे, सर्वच घासून नवी झळाळी देऊ, कडेची नक्षीही नवी बसवू. गिऱ्हाइकांस तेच आवडते. पूर्वी ही नक्षी हस्तिदंताची, सांबरशिंगाची असे; ते आता कायद्याने बंद झाले, आणि योग्यच झाले. त्यामुळे सेल्युलॉइडच्या पट्ट्या आल्या. आमच्या तंबोऱ्यावरील साधी वेलबुट्टी दोन ठिकाणी तुटली होती आणि दांडीवर एके जागी झिलई पार उडून लाकूड गुळगुळीत झाले होते, ती आत्याच्या बोटांची जागा. आम्ही म्हटले, ती तशीच राहू द्या. फक्त नव्या भोपळ्यास लाखेची झिलई जुन्या रंगाशी मिळती द्या. मुलगा म्हणाला, "दुरुस्त केल्यासारखा दिसणार मग." चाचा म्हणाले, "दुरुस्तच केलाय." वाद तेथे संपला.

तिसऱ्या खेपेस, चैत्रात, जवारी काढण्याचे काम आम्ही समक्ष पाहिले. हे काम चाचा सकाळीच करतात, रस्त्यावरील रहदारी वाढण्यापूर्वी. म्हणून आदल्या रात्री आम्ही मिरजेत मुक्काम केला.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी तंबोरा असेल, तरी जवारीविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. इतर अनेक तंतुवाद्यांत तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, पाटासारखी असते, आणि तिच्या माथ्यास पुढील बाजूकडे अगदी सूक्ष्म उतार असतो. तार कंप पावताना या उतारास क्षणोक्षणी स्पर्श करते आणि सुटते. त्या स्पर्शातून उपस्वरांचा तो झंकार उठतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास करून दाखविले, की ज्या ठिकाणी तार छेडली असता एखादा उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटूच नये, तोही येथे उमटतो. तारेखाली सरकविलेला सुताचा धागा या स्पर्शाची नेमकी जागा ठरवितो. उतार कमीजास्त झाला तर आवाज बिघडतो. किती कमी आणि किती जास्त, हे मोजण्याचे साधन कान.

चाचांनी जुनीच घोडी ठेवली होती. वरील हाडाच्या पट्टीवर तारांनी चार खोल चर पाडले होते, पण जाडी पुरेशी होती. कानशीचे दोन हात, मग काचेच्या तुकड्याने खरवड, मग घोडी तारांखाली, छेडणे, ऐकणे. पुन्हा तारा सैल, घोडी बाहेर, कानशीचा एक हात. आम्ही प्रथम मोजीत होतो. एकविसाव्या खेपेनंतर मोजणे सोडले. पहिली तार बोलू लागली, मग जोड बोलू लागली. खर्जाची पितळी तार मात्र ढब्ब अशी बसलेलीच. चाचांनी चहा मागविला, तो निवून गेला. रस्त्यावर दूधवाल्याच्या फटफट्या सुरू झाल्या. अर्ध्या तासाने त्यांनी धागा नखाने केसभर पुढे सारला, आणि खर्ज उघडला. त्या एका तारेतून, कोणी लावलेला नसताना, गंधार ऐकू येऊ लागला. प्रथम आम्हांस भास वाटला. हाच तो स्वयंभू गंधार, खर्जाचा पाचवा उपस्वर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, तो आम्ही विद्यार्थिदशेत चाळला होता आणि त्यातील गुणोत्तरे पाठ केली होती. ती ऐकू येतात हे त्या सकाळी कळले. चाचांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. "आता बेळगावला फोन लावा," म्हणाले. "आता कबूल करतो."

परतीच्या गाडीत तंबोरा नव्या गवसणीत होता. कोणी काही विचारले नाही. जुना भोपळा आम्ही मागून घेतला, तो पिशवीत होता. कृष्णेच्या पुलावर कान लावून पाहिले; खडखडाट होता तो गाडीचाच.

भावांचे दोन वाटे आम्ही त्याच आठवड्यात चुकते केले. थोरल्याने घेतले; धाकट्याने निम्मे परत केले आणि मुलीच्या पहिल्या बैठकीस पहिल्या रांगेत जागा ठेवण्याची अट घातली. सौ.नी मिरजेच्या तीन खेपा, दुरुस्ती, गवसणी आणि वाटे यांची बेरीज डायरीत लिहून खाली दोनदा रेघ ओढली, मात्र बोलल्या काही नाहीत.

रविवारी आत्यास घरी आणले. तंबोरा तिच्यासमोर सतरंजीवर ठेवला. तिने प्रथम दांडीवरील ती गुळगुळीत जागा शोधली, मग नव्या भोपळ्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, "हा थोरला आहे जरा." तेवढा बारीक फरक आम्हांस ठाऊक होता; तिला कळणार नाही असे आम्ही समजत होतो. कन्येने छेडण्यास आरंभ केला. आत्याच्या कानातील यंत्र त्या नादाने शिट्टी घालू लागले, तसे तिने ते काढून माझ्या सौ.च्या हातावर ठेवले आणि वाकून आपले कपाळ दांडीस टेकविले. डोळे मिटले. चार-सहा आवर्तने झाली असतील. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि काय पाहावयास मिळेल अशी काही कल्पनाही आम्ही करून ठेवली होती.

"जोडीतली दुसरी उतरलीय," ती म्हणाली. "मणी खाली घे."

कन्येने मणी तांदळाच्या दाण्याइतका खाली ओढला आणि पुन्हा छेडले.

"अजून," आत्या म्हणाली.